तिसऱ्या मिलचा शाफ्ट: ऑफ सीझनच्या नोंदी

६ मे २०२४

पहाटे पाचला जळगाव सोडलं, आठच्या आत कारखान्यावर. तापीकाठचा जुना साखर कारखाना, चार मिलचा. गळीत संपून दोन महिने झाले. गव्हाण रिकामी, यार्डात बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा ढीग आणि त्यावर बगळे. टेम्पोत यूटी म्हणजे अल्ट्रासॉनिकचं मशीन, प्रोबची पेटी, एमपीचा योक, डीपीच्या कॅनचे तीन खोके आणि आयटीआय करून आलेला आमचा मुलगा. त्याला सहावा महिना लागलाय.

काम असं: मिलचे १२ रोलर आणि एक स्पेअर, सगळ्या शाफ्टची अल्ट्रासॉनिक, म्हणजे प्रोबने ध्वनी आत सोडून प्रतिध्वनी बघायचा. रोलर म्हणजे मधला शाफ्ट आणि त्यावर घट्ट चढवलेलं ओतीव लोखंडाचं शेल. क्राउन पिनियन या गिअरच्या दातांची आणि जर्नलच्या (शाफ्टच्या बेअरिंगमध्ये बसणाऱ्या भागाच्या) गोलाईची एमपी, म्हणजे योकच्या चुंबकाने आणि लोखंडी भुकटीने भेग दाखवायची. गनमेटलच्या, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूच्या बेअरिंगची डीपी, रंग मुरवून भेग शोधायची. बॉयलरच्या ट्यूब आणि त्याचा धूर ओढणाऱ्या आयडी फॅनच्या केसिंगची जाडी. स्टीम लाइनचे सहा नवे जॉइंट, त्यांची रेडिओग्राफी दुसरी पार्टी करणार.

कशालाच तोडायचं नाही, कापायचं नाही, खाली पडेपर्यंत ताणायचं नाही. आत काय आहे ते बाहेरून सांगायचं. डॉक्टर नाडी बघतात तसं म्हणावं, तर नाडीला निदान पेशंट उत्तर देतो.

मिलचे फोरमन म्हणजे आप्पा. निवृत्तीला एक हंगाम उरलाय. रोलर घासून ठेवा म्हणून आठवड्यापूर्वी निरोप दिला होता. टोकाच्या तोंडांवर अजून ग्रीस आणि मळीचा थर तसाच. आजचा दिवस रॉकेल, पोलिश पेपर आणि शिव्या यांतच गेला.

७ मे

सकाळी आप्पा हातोडी घेऊन आले. प्रत्येक रोलरच्या शेलवर टणटण केलं. नऊ नंबरवर थांबले. "भाऊ, हाई कान लाईसन आयकनं पडस." आवाज खरंच बोदा होता, फुटक्या मडक्यासारखा. शेल शाफ्टवर सैल झाल्याची शंका. लिहून घेतलं. हातोडीची परीक्षा जुनी आहे, पण खोटी नाही. आप्पांचे वडील भुसावळला रेल्वेत होते, गाडी उभी राहिली की चाकांवर हातोडी मारत जायचे. हातोडी शेल सैल झाल्याचं सांगते. शाफ्टच्या पोटात नखाएवढी भेग असेल तर ती हातोडीला कळणार नाही.

दुपारी आयडी फॅनच्या केसिंगची जाडी. मूळ पत्रा ५ मिमी. राख घासून घासून पातळ झालेला. मुलगा एका रेषेत वरून खाली आकडे सांगत होता: ३.१, २.२, १.७, आणि मग २.४. तो पुढे सरकला. मी थांबवलं. एका दिशेने पातळ होत चाललेला पत्रा अचानक जाड कसा होईल? कुणी ठिगळ मारलं असेल तर वेल्ड दिसायला हवा, तो नव्हता. हातोडीचं टोक लावलं तर पत्रा आत गेला. खरी जाडी १.२ मिमी. दोन क्रिस्टलच्या प्रोबला इतक्या पातळ पत्र्यावर पहिला प्रतिध्वनी धरता येत नाही, तो दुसरा धरतो आणि आकडा दुप्पट दाखवतो. सगळ्यात वाईट जागा चांगली दिसते, म्हणून हा सापळा ओळखून ठेवावा.

बॉयलरच्या ट्यूबवर आकडा फुगायचं कारण वेगळं. तिथे रंग होता. रंगात ध्वनी पोलादाच्या निम्म्याहून कमी वेगाने जातो, पण मशीन सगळंच पोलाद समजून हिशेब करतं. अर्धा मिमी रंग असेल तर आकडा सव्वा मिमीने फुगतो. रंग खरवडला आणि परत घेतलं. ६४ जागा. संध्याकाळी बोटं सुजलेली.

८ मे

डीपीचा दिवस, आणि खान्देशातला मे. लाल डाय लावायची, १० ते १५ मिनिटं थांबायचं, पुसायची, डेव्हलपर मारायचा. भेगेत शिरलेला रंग पांढऱ्यावर उमटतो. सोपं दिसतं. पण नेहमीच्या पद्धतीला धातूचं तापमान ५ ते ५२ अंशांमध्ये लागतं. काल दुपारी दोनला, उन्हात ठेवलेल्या बेअरिंगला थर्मामीटर लावला तर ६१. एवढ्या गरमीत डाय भेगेतच सुकते आणि डेव्हलपरखाली कोरा धातू दिसतो. म्हणजे तपासणी झाली, रिपोर्ट स्वच्छ आला, आणि भेग जागच्या जागी.

म्हणून आज साडेचारला सुरुवात. बेअरिंग रात्रीच शेडमध्ये आणून ओल्या गोणपाटाखाली ठेवली होती, सकाळी पुसून कोरडी केली. पाच वाजता ३१ अंश. साडेआठपर्यंत चौदा बेअरिंग उरकली. दोघींना तेलाच्या खोबणीतून निघालेल्या भेगा मिळाल्या, एकीची बोटाएवढी लांब.

कापडाची एक गंमत. डाय पुसायला तंतू न सुटणारं कापड लागतं. इथे चहूकडे कापूस, जिनिंगच्या दारात सरकीचे डोंगर, आणि आमच्या कामाचं कापड मात्र मुंबईहून मागवावं लागतं. स्टोअरमधून सुताचा चिंधा आणून मुलगा पुसायला लागला होता. त्यातला एकेक धागा डेव्हलपरवर भेगेसारखा लाल दिसतो. त्याला आणखी एक सांगितलं: क्लीनर कापडावर मारायचा, थेट धातूवर मारायचा नाही. थेट मारला की भेगेतली डायही धुऊन जाते.

आप्पा बघत उभे होते. म्हणाले, वडील रॉकेलमध्ये भिजवलेला अॅक्सल पुसून त्यावर चुन्याचा हात द्यायचे आणि चहाला जायचे; परत येईपर्यंत भेग चुन्यावर काळी उमटलेली असायची. हीच डीपी. आता कॅनमध्ये येते एवढंच.

गनमेटलला एमपी का नाही, असं मुलाने विचारलं. लोहचुंबक धरून बघ म्हटलं. बघितलं, कळलं.

९ मे

आजचं जरा सविस्तर लिहितो.

सकाळी स्पेअर रोलर घेतला. दोन वर्षांपूर्वीचा नवा फोर्जिंग, शेल चढवलेला, एकदाही मिलमध्ये न बसलेला. लांबी ४२०० मिमी, जर्नल ४३० व्यासाचं, शेलखालचा भाग ४६०. बिनड्राइव्हच्या, म्हणजे फिरवणारी जोडणी नसलेल्या टोकापासून शेलची कड ९८० मिमीवर. मी नऊ नंबरच्या सैल शेलचं मोजमाप घेत होतो. मुलाला म्हटलं, टोकावरून २ मेगाहर्ट्झचा सरळ प्रोब फिरव, तळाचा प्रतिध्वनी ४२०० ला आणून दे, मग मी येतो.

दहा मिनिटांत तो धावत आला. "दादा, तडा शे!"

गेलो. तळाचा प्रतिध्वनी ४२०० ला सरळ उभा. आणि १००० मिमीला दुसरा, छोटा पण टोकदार. शेलच्या कडेपासून २० मिमी आत. जागा अशी की कोणाचीही छाती धडधडावी. मिल रोलरचे शाफ्ट तिथेच मोडतात. उसाचा रस शेल आणि शाफ्टच्या फटीत झिरपतो, गंज धरतो, वर घट्ट बसलेल्या शेलची कड हंगामभर प्रत्येक फेऱ्याला वाकणाऱ्या शाफ्टवर घासते, आणि भेग सुरू होते. मुलाने वहीत लाल पेनाने लिहून टाकलं होतं. आप्पाही आले. "नवाच दांडा अन् त्याले तडा?"

तेच माझ्याही मनात. रस कधी लागलाच नाही त्या शाफ्टला.

मी प्रोब टोकाच्या तोंडावर सगळीकडे फिरवला. प्रतिध्वनी हललाच नाही, कमीजास्तही झाला नाही. भेग एका बाजूला असते. ही चहूकडून सारखीच दिसत होती. दुसऱ्या टोकाला गेलो. भेग खरी असेल तर तिथून ती ३२०० ला दिसायला हवी. दिसली पुन्हा १००० लाच! दोन्ही टोकांपासून बरोबर एक मीटर. भेगेला इतकी समानता जमत नाही.

मशीनच्या सेटिंगमध्ये बघितलं. पीआरएफ, म्हणजे मशीन सेकंदाला किती वेळा ठोका देतं ते, ४०० वर. बॉयलर ट्यूबसाठी मागच्या साइटवर ठेवलेलं, तसंच राहिलं. चूक माझी, कारण मशीन मीच लावून दिलं होतं.

हिशेब मुलाला वहीत करून दाखवला. पोलादात ध्वनी सेकंदाला ५९२० मीटर जातो. ४२०० मिमी जाऊन परत यायला १४१९ मायक्रोसेकंद. तिथेच थांबला तर ठीक. पण तो परत आपटतो, पुन्हा तळाला जातो आणि पुन्हा येतो, २८३८ ला. ४०० ठोके म्हणजे दर २५०० मायक्रोसेकंदांनी नवा ठोका. म्हणजे आधीच्या ठोक्याचा दुसरा प्रतिध्वनी नव्या ठोक्यानंतर ३३८ मायक्रोसेकंदांनी पोहोचतो. मशीनला वाटतं हा याच ठोक्याचा. ३३८ चं अंतर काढलं तर १००० मिमी.

मग पीआरएफ ४०० वरून ३८० केला. प्रतिध्वनी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत १००० वरून ६१० ला सरकला. शाफ्टमधली भेग अशी जागा सोडून सरकत नाही. १०० वर आणला, पुसला गेला.

"मंग हाई भूत शे ना भो!" आप्पा म्हणाले. त्यांना ठाऊक नव्हतं, पण आमच्या धंद्यातही याला भुताचाच प्रतिध्वनी म्हणतात. आणि हे भूत चांगल्या पोलादालाच जास्त लागतं. खराब, जाड दाण्याच्या धातूत ध्वनी वाटेतच जिरतो, दुसऱ्यांदा परत यायला त्याच्यात जोर उरत नाही. ओतीव लोखंडाच्या शेलवर हे कधी दिसणार नाही. फोर्जिंग जितकं चोख, तितका आवाज घुमतो.

मुलाने वहीतलं पान फाडायला घेतलं. फाडू दिलं नाही. एक रेघ मारून खाली सही करायला लावली.

जेवण आप्पांच्या डब्यातलं. कळण्याची भाकरी, भरीत, वर कच्चा कांदा.

१० मे

आखाजी. सुट्टी. लेकी माहेरी आल्या, बायका झोक्यावर. कारखान्यात एक वॉचमन आणि आम्ही दोघं. खाटेवर पडून कालच्या नोंदी स्वच्छ लिहिल्या.

११ मे

एक, दोन आणि चार नंबर मिलचे नऊ रोलर संपले. सात ठीक, एक सैल शेलचा, एकाच्या फक्त टोकाला गॅस कटिंगची जुनी जखम. पीआरएफ १०० वरच. कॅलिब्रेशनचा व्ही १ ब्लॉक (मशीन जुळवायचा पोलादी ठोकळा) तासभर शाफ्टवर ठेवून दोघांचं तापमान सारखं होऊ दिलं. पोलाद तापलं की ध्वनी थोडा मंदावतो, सावलीतल्या ब्लॉकवर मोजून तापलेल्या शाफ्टवर लावलं तर लांबी जास्त येते.

संध्याकाळी तिसऱ्या मिलचा वरचा रोलर. हा अकरा हंगाम चाललाय.

बिनड्राइव्हच्या टोकावरून १०१५ ला प्रतिध्वनी.

मुलगा माझ्याकडे बघून हसला, आणि माझ्या आधी त्यानेच पीआरएफ बदलला. १०० चा ८०. हलला नाही. १२०. हलला नाही. प्रोब तोंडाच्या परिघाजवळून फिरवला: घड्याळाच्या चार ते सहा या पट्ट्यातच दिसतो, बाकी कुठे नाही. दुसऱ्या टोकावरून बघितलं. तिथून शेलच्या कडेची पायरी ३२२० ला चहूबाजूंनी दिसते, ती दिसायलाच हवी, ड्रॉइंगमध्ये आहे. तिच्या ३५ मिमी अलीकडे, ३१८५ ला, त्याच चार ते सहाच्या पट्ट्यात दुसरा प्रतिध्वनी. १०१५ आणि ३१८५ मिळून ४२००.

अंधार पडला होता. हॅलोजन लावून ४५ अंशांचा प्रोब घेतला. भेगेच्या समोरच्या बाजूने जर्नलवर, संशयाच्या रेषेपासून ४४५ मिमी मागे ठेवला, म्हणजे ध्वनी तिरका शाफ्ट ओलांडून पलीकडच्या पृष्ठभागाच्या कोपऱ्यात जातो. भेग पृष्ठभागाला उघडी असेल तर तो कोपरा आरशासारखा परत फेकतो. फेकला. प्रतिध्वनी पडद्याबाहेर गेला, गेन, म्हणजे मशीन प्रतिध्वनी किती मोठा करून दाखवतं ते, १४ डेसिबलने खाली आणावा लागला.

प्रतिध्वनी अर्ध्यावर येईपर्यंत प्रोब दोन्ही बाजूंना सरकवून लांबी काढली. परिघावर अंदाजे २४० मिमी. खोली सांगायला धजत नाही. १५ च्या वर, ३० च्या आत.

नवसाला पावल्यासारखा आनंद होत नाही अशा वेळी. वाईटही वाटत नाही. पोटात भूक असल्याचं तेवढं कळतं.

१३ मे

मतदान. जळगावला जाऊन आलो.

१४ मे

चीफ इंजिनिअर साहेबांशी बोलणं. ते चांगले आहेत, पण त्यांच्या हातात स्पेअर एकच. तिसऱ्या मिलला तो दिला तर पुढच्या हंगामात राखीव काहीच नाही, आणि नवा फोर्जिंग मागवून शेल चढवून यायला महिने लागतात.

त्यांनी आधीच सगळं ऐकलेलं होतं. "परवा तुम्ही नव्या शाफ्टला तडा म्हणालात. मग नाही म्हणालात. आता याला म्हणता. उद्या हाही नाही म्हणाल."

माझ्याकडे उत्तर होतं, पण त्यांचं चुकत होतं असंही नाही. मुलाच्या त्या अर्ध्या ओळीची बातमी आखाजीच्या सुट्टीतही ऑफिसात पोहोचली होती, पीआरएफची मात्र पोहोचली नाही.

त्यांनी एमपी करायला सांगितली. केली. योकने सकाळी साडेचार किलोचं वजन उचलून दाखवलं, त्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. जर्नलच्या गोलाईवर पांढरा रंग, दोन्ही पाय शाफ्टच्या लांबीत, कारण भेग आडवी असेल तर चुंबकीय रेषा तिला छेदून जायला हव्यात. मग आडवेही धरले. लेथच्या पात्याच्या रेषा सोडून काही नाही. साहेब म्हणाले, "बघा."

"साहेब, भेग शेलच्या ३५ मिमी आत आहे. एमपीला शेलखालचं दिसत नाही. कमाडाबाहेर उभं राहून घरात कोणी नाही म्हणण्यासारखं आहे ते."

शेवटी त्यांनाच प्रोब हातात दिला. एका टोकाला त्यांनी स्वतः फिरवला, मी सेटिंग बदलत राहिलो. आधी स्पेअर, ४०० वर: भूत आलं. ३८० वर: सरकलं. मग तिसऱ्या मिलचा: काहीही केलं तरी जागचा हलेना. त्यांनी तीनदा करून बघितलं. घाम पुसला. काही न बोलता निघून गेले.

आप्पा मात्र बोलले, साहेब गेल्यावर. मागच्या हंगामात या मिलच्या बिनड्राइव्हच्या बेअरिंगला सारखं तापायची सवय लागली होती. लॉगबुकात नोंद आहे. वाचलं कोणी नाही.

१५ मे, रात्र

रेडिओग्राफीची पार्टी आली. किरण सोडणारा इरिडियम १९२ चा सोर्स, परवाना आणि त्यांचा रेडिएशन सेफ्टी ऑफिसर सोबत. सोर्सची ताकद ७४ दिवसांत निम्मी होते. ह्यांचा तितकाच जुना, म्हणून कोऱ्याला दोन मिनिटं लागतील तिथे याला चार. हे काम रात्रीच, माणसं कमी असतात म्हणून. पण मेमध्ये अर्धा कारखाना बाहेर खाटा टाकून झोपतो. स्टीम लाइनच्या भिंतीपलीकडे तिघं झोपलेले निघाले. उठवलं, खाटांसकट हलवलं. दोर बांधले, लाल दिवे लावले. अंतर दुप्पट केलं की मारा पावपट होतो. या कामात दोर लांबवर बांधण्याइतकं स्वस्त संरक्षण नाही.

पावणेदोनला वॉचमन नेहमीच्या पायवाटेने दोराखालून वाकून येत होता, बिडी ओढत. मुलगा ओरडला म्हणून थांबला. त्या क्षणी सोर्स कॅमेऱ्यात, म्हणजे त्याच्या बंद पेटीत, परत घेतलेला होता. तरी त्या ऑफिसरने काम बंद करून नोंद केली आणि मीटरने मोजून दाखवलं. सहापैकी पाच जॉइंट पास. एकात मुळाशी वेल्ड अर्धवट. वेल्डरने फिल्म उजेडावर धरून स्वतः बघितली आणि मान हलवली.

१८ मे

रिपोर्ट दिला. 'शाफ्ट मोडेल' असं लिहीत नाही, ते आमचं काम नाही. लिहिलं: कुठे, किती लांब, कोणत्या प्रोबने, कोणत्या सेटिंगला, आणि 'शेल काढून खात्री केल्याशिवाय वापरू नये'. पीआरएफचा आकडा पहिल्यांदाच रिपोर्टात टाकला. स्पेअरच्या पानावर भुताचाही उल्लेख केला, उद्या दुसरा कोणी ४०० वर लावून पुन्हा घाबरायला नको.

११ जून

पहिला पाऊस काल पडला. साहेबांचा फोन. तिसऱ्या मिलमध्ये स्पेअर बसवला. जुना रोलर वर्कशॉपला पाठवून शेल कापून काढलं. फोटो आलेत.

शेलच्या कडेपासून ३० ते ४० मिमी आत तपकिरी डाग, रसाचा गंज. त्यात डीपीची लाल रेघ. लांबी २६० मिमी, माझ्यापेक्षा २० ने जास्त. ग्राइंडरने खोल जात जात १९ मिमीवर संपली.

आप्पांनी त्या जागेची १०० मिमी जाडीची चकती पॉवर हॅकसॉवर कापून मागितली होती. आज टेम्पोतून आमच्या शेडला आली. वजन १३० किलो, चार जणांनी उतरवली. "मी सांगेल व्हतं ना, बेअरिंग तापस म्हणून," असं त्यांनी फोनवर ऐकवलं. मुलगा दुपारपासून ४५ चा प्रोब घेऊन तिच्यापाशी बसलाय.